किल्ल्यावरचा मावळा जिवंत होतो, की तसा भास होतो?

खानापूरकर: दिवाळीच्या किल्ल्यावरचा मावळा पुतण्यांसोबत मोबाईलवर चालवला. बाजारातला भाजका मावळा वाकत नाही, म्हणून तार वळवून वर क्ले चढवली. जरासं सरकवायचं, हात बाजूला, फोटो; मग ते फोटो ओळीने भरभर दाखवायचे, म्हणजे स्टॉप-मोशन. सेकंदाला 12 फोटो धरले. दहा सेकंदांच्या चढाला 120 फोटो, दोन दुपारी गेल्या. आधी तो नुसता घसरत वर गेला. मग पाऊल टाकण्यापूर्वी गुडघ्यात वाकवला आणि चार फोटो तसाच ठेवला. धाकटा ओरडला, "काका, दमला तो!" माझ्या मते जीव आला तो त्या थांबण्यात.

टिळकवाडी: दादा, जीव कसला? चित्रं भरभर बदलली की डोळा फसतो, एवढंच. शिवाय तुमचा उजेड सारखा लुकलुकतोय. कॉम्प्युटरवर हाच चढ सफाईदार होईल. पोरांच्या दुपारी कशाला घालवायच्या?

निपाणीची ताई: लुकलुक जाईल. खिडकी बंद करा, एकच दिवा ठेवा, मोबाईलचं ऑटो एक्स्पोजर, म्हणजे फोटोचा उजेड आपोआप कमी-जास्त करणं, लॉक करा. पण दादांचं म्हणणं मला पटतं. फाळक्यांनी 1912 साली कुंडीतल्या वाटाण्याच्या वाढीची फिल्म केली आणि ती दाखवून भांडवल उभं केलं. पुढे आगकाड्याही नाचवल्या. या दोन्हींत मोठा फरक आहे. वाटाणा आपल्या जोरावर वाढत होता, फाळक्यांनी थांबून थांबून चित्रं घेऊन फक्त काळ आवळला. काडीला स्वतःचा जोरच नाही. तिचं प्रत्येक हलणं कुणीतरी ठरवून, हाताने केलेलं असतं.

टिळकवाडी: ताई, ठरवणं कॉम्प्युटरवरही असतंच की. हाताचं एवढं कौतुक नको. 1933 च्या 'किंग काँग'मध्ये त्या माकडाच्या अंगावरचे केस उगाच हलतात, कारण ती बाहुली होती आणि सरकवताना तिला बोटं लागत होती. तो दोषच ना?

गोकाककर: आमच्याकडची लाकडी खेळणी पोरं कॅमेऱ्याशिवायच चालवतात, बोलवतात. मला तर तेच खरं वाटतं. पडद्यावर गेलं की पोर नुसतं बघत बसतं.

खानापूरकर: गोकाककर, आमची पोरं बघत बसली नव्हती, सरकवत होती. केसांबद्दल मात्र टिळकवाडीशी सहमत नाही. आमच्या मावळ्याच्या पाठीवर धाकट्याचा अंगठा उमटलाय आणि तो फोटोगणिक बदलतो. मी पुसायला गेलो, तर त्याने पुसू दिला नाही. ताई, दिव्याचं आजच करतो. आता मावळ्याला खाली उतरवायचंय. उतरताना अंग मागे झुकतं आणि पुढच्या पायाखाली टाचणी टोचूनही तोल जातो. कुणी केलंय का असं?