मदत हवी आहे : आठवीच्या मराठीसाठी फुकट, छापता येईल असं वाचनसाहित्य

नमस्कार मंडळी,

मी सोलापूरला पूर्व भागातल्या एका मराठी माध्यमाच्या शाळेत आठवीला मराठी शिकवते. ज्यांना हा भाग माहीत आहे त्यांना वर्गाचं चित्र लगेच डोळ्यासमोर येईल. बहुतेक मुलांच्या घरी तेलुगू, काहींच्या घरी कन्नड, काहींच्या घरी दखनी. गल्लीत, दुकानात मराठी कानावर पडतच असते, त्यामुळे बोलायला मुलं फडाफडा बोलतात. लिंगाचा गोंधळ होतो, "माझा पाटी", "ते नदी" असं चालतं, पण अडत कुणाचं नाही. अडतं ते पुस्तक उघडल्यावर.

परवा एक मुलगी 'स्वातंत्र्य' वाचत होती. 'स्वा'वर थांबली, बोट तसंच शब्दाखाली. मग 'तंत्र' वेगळं वाचलं, माझ्याकडे बघितलं आणि अंदाजाने अख्खा शब्द म्हणाली. तिला अर्थ माहीत आहे, शब्द रोजच्या ऐकण्यातला आहे, तरी कागदावर तो तिला परका वाटतो. अशी निम्मी मुलं आहेत. पाठ्यपुस्तक प्रथम भाषेचं, धडे लांब, एकेका धड्याला चार-चार तास जातात आणि त्यापलीकडे मुलांच्या डोळ्यांखालून मराठीची एक ओळही जात नाही. हीच मोठी अडचण आहे. पोहायला शिकवायचं आणि पाणी मात्र बादलीभर, असं झालंय.

हाताशी काय आहे ते सांगते. ऑफिसात एक काळा-पांढरा प्रिंटर, मुख्याध्यापिका बाई महिन्याला एक रिम कागद देतात (त्यांनी हे स्वतःहून सुरू केलं, त्यांचे खरंच आभार). पेनड्राइव्ह लागणारा टीव्ही. नेट असतं-नसतं. मुलांना फोन मिळतो तो वडील कारखान्यातून आल्यावर, तोही थोडा वेळ.

बालभारतीची पीडीएफ पुस्तकं आणि 'दीक्षा' या सरकारी शैक्षणिक अॅपवरचे व्हिडिओ मला माहीत आहेत. ते उपयोगाचे आहेत, पण त्यात कुणीतरी धडा समजावून सांगतं. मला मुलांनी स्वतः वाचायला हवंय. 'मराठी वर्कशीट' म्हणून शोधलं की 'अ अननसाचा' येतं. तेरा वर्षांच्या मुलापुढे ते ठेवलं तर त्याला अपमान वाटतो, आणि बरोबरच आहे. मजकूर सोपा हवा, बाळबोध नको.

तर विचारायचं असं. पानभरात संपेल असा, या वयाला शोभेल असा मजकूर फुकट कुठे मिळेल? जुन्या लेखकांचं काय काय बिनदिक्कत छापून वाटता येतं? आणि ऐकवण्यासाठी चांगलं मराठी काही आहे का? कुणी प्रत्यक्ष वर्गात वापरून पाहिलेलं असेल तर फार बरं.

वाचनवेडी

ताई, पहिल्यांदा प्रथम बुक्सचं स्टोरीवीव्हर हे संकेतस्थळ बघा. चित्रांच्या गोष्टी आहेत, चार पातळ्यांत लावलेल्या, पीडीएफ उतरवून घेता येते. तुमच्यासाठी मुद्दाम सांगते, एकच गोष्ट बरेचदा मराठी, तेलुगू, कन्नड अशी तिन्ही भाषांत सापडते. सगळं क्रिएटिव्ह कॉमन्स परवान्याखाली आहे, म्हणजे छापा, वाटा, हवं तर बदला, फक्त लेखक, चित्रकार, अनुवादक यांची नावं काढू नका.

एक सावधगिरी. तिथे कुणीही अनुवाद करू शकतं, त्यामुळे काही मराठी गोष्टी सुरेख आहेत, काही वाचवत नाहीत. वर्गात नेण्याआधी मोठ्याने वाचून बघा, जीभ अडखळली की ती गोष्ट बाजूला. आठवीसाठी तिसऱ्या-चौथ्या पातळीतल्या घ्या. चित्रं पानभर असतात, काळ्या-पांढऱ्या प्रिंटरवर शाई फार जाते. मी मजकूर वेगळा टाइप करून एका कागदावर दोन गोष्टी बसवते आणि चित्रं टीव्हीवर दाखवते.

दुसरं म्हणजे 'किशोर'. बालभारतीचं हे मासिक १९७१ पासून निघतंय आणि जुने अंक त्यांच्या संकेतस्थळावर फुकट वाचता येतात. तुमच्या वयोगटाचं इतकं चांगलं मराठी एका जागी दुसरीकडे मिळणार नाही. छोट्या कथा, कविता, प्राणी-पक्षी, शास्त्रज्ञ, कोडी. लेखन बाळबोध नाही.

नदीकाठ

मुलं नेमकी कुठे अडतात हे एकदा तपासून घ्या असं सुचवेन. 'असर'च्या सर्वेक्षणात वापरतात ती वाचनचाचणी फुकट मिळते, मराठीतही आहे. अक्षर, शब्द, सोपा परिच्छेद, गोष्ट, एवढंच. एका मुलाला पाचेक मिनिटं पुरतात. ज्याचं जोडाक्षर अडतं त्याला आणि जो सुरळीत वाचतो पण अर्थ सांगू शकत नाही त्याला एकच कागद देऊन भागत नाही.

पूर्वभाग (धागाकर्ती)

@वाचनवेडी, तेलुगू-मराठी जोडीची कल्पनाच माझ्या डोक्यात आली नव्हती! आमच्या मुलांना तेलुगू बोलता येतं, पण लिपी फार थोड्यांना येते. तरी आजीला तेलुगू गोष्ट कुणी वाचून दाखवली आणि मुलाने तीच मराठीत वाचली, असं घरी होऊ शकतं.

@नदीकाठ, चाचणी या आठवड्यात घेते. आठवीला अशी चाचणी घ्यायची म्हणजे मुलांना कमीपणा वाटू नये, म्हणून एकेकाला बाहेर व्हरांड्यात बसवून घेईन.

कलम_बावन्न

कॉपीराइटबद्दल लिहितो, कारण शिक्षक विनाकारण घाबरतात किंवा अजिबात विचार करत नाहीत.

आपल्याकडे लेखकाच्या मृत्यूनंतर ६० वर्षं हक्क राहतो, मोजणी पुढच्या १ जानेवारीपासून. बालकवी गेले १९१८ साली, दिवाकर १९३१, साने गुरुजी १९५०. ही सगळी मंडळी आता मुक्त आहेत. चिं. वि. जोशी १९६३ साली गेले, म्हणजे २०२४ पासून मुक्त. बहिणाबाई १९५१ साली गेल्या, पण कविता पुस्तकरूपाने १९५२ मध्ये आल्या. लेखकामागे प्रसिद्ध झालेल्या लेखनाला ६० वर्षं प्रकाशनापासून मोजतात, तरीही ती मुदत २०१२ अखेर संपली. अण्णा भाऊ साठे १९६९ साली गेले, त्यामुळे त्यांचं लेखन २०३० उजाडल्यावर मुक्त होईल.

मुक्त होतो तो मूळ मजकूर. नव्या आवृत्तीतली प्रस्तावना, टिपा, चित्रं यांचा हक्क वेगळा असतो, ती पानं झेरॉक्स करून इंटरनेटवर टाकू नका.

आणि मुक्त नसलेल्या साहित्याचं काय, तर १९५७ च्या कॉपीराइट कायद्याच्या कलम ५२ मध्ये शिकवण्याच्या ओघात शिक्षकाने किंवा विद्यार्थ्याने केलेल्या प्रतीला, तसंच प्रश्नपत्रिकेत घेतलेल्या उताऱ्याला सूट आहे. दिल्ली विद्यापीठातल्या झेरॉक्सच्या दाव्यात दिल्ली उच्च न्यायालयाने २०१६ मध्ये हे कलम शिक्षणाच्या बाजूने उदारपणे वाचलं. तेव्हा वर्गातल्या चाळीस मुलांना एक कविता छापून देताना हात थरथरायचं कारण नाही. तीच पीडीएफ टेलिग्रामवर फिरवली की गोष्ट बदलते.

तिसरी_घंटा

वर दिवाकरांचं नाव आलंच आहे तर माझा आग्रह आहे : त्यांच्या नाट्यछटा घ्या. मी शाळांमध्ये नाट्यशिबिरं घेतो, आणि अडखळत वाचणाऱ्या मुलांसाठी यासारखं दुसरं काही मी पाहिलेलं नाही.

कारण सांगतो. नाट्यछटा एक-दीड पानाची. बोलणारा एकच, समोरच्याचं बोलणं लिहिलेलंच नसतं, ते याच्या उत्तरांवरून ओळखायचं. वाक्यं तुटक, बोलण्यातली. "काय म्हणालात?", "छे छे!" असं. अशी वाक्यं मुलाच्या तोंडात आधीच असतात, त्यामुळे कागद बघून ओळखीचं काही भेटल्यासारखं होतं. भाषा शंभर वर्षांपूर्वीची, पुण्याच्या ब्राह्मणी घरांतली आहे, ते खरं. दहा-बारा शब्दांचे अर्थ फळ्यावर आधी लिहावे लागतात, आणि काही छटा आजच्या वर्गाला लागूच पडत नाहीत. 'पंत मेले - राव चढले' घ्या, ऑफिसातली जागा रिकामी झाली की काय होतं ते कुठल्याही मुलाला कळतं.

वर्गात असं करतो. दोघादोघांच्या जोड्या. एक जण छटा वाचतो, दुसऱ्याने समोरच्याची न लिहिलेली वाक्यं लिहून काढायची. ती वाक्यं लिहायची म्हणजे अर्थ लागलाच पाहिजे, आणि 'अर्थ सांगा' असं विचारावं लागत नाही. शिवाय बोलणारी बाई की पुरुष हे क्रियापदावरून ठरतं, तेव्हा तुमचा लिंगाचा गोंधळ मुलं आपापसांत भांडून सोडवतात. शेवटी जोडी उभी राहून सादर करते. जो मुलगा धडा वाचायला उठत नाही तो इथे दोनदा वाचतो, कारण त्याला काम करून दाखवायचं असतं.

डोंगरवाट

थोडं वेगळं मत मांडतो, राग मानू नका. झेरॉक्सच्या कागदांनी मुलं वाचक होत नाहीत. पुस्तक हातात यावं लागतं, घरी न्यावं लागतं, पान दुमडावं लागतं. फुकटच्या पीडीएफ गोळा करण्यात जेवढा वेळ जातो तेवढ्यात गावातल्या चार माणसांकडून पन्नास पुस्तकं उभी राहतात.

पूर्वभाग (धागाकर्ती)

@डोंगरवाट, राग कसला, पुस्तकं हवीतच. शाळेत कपाट आहे, पण त्यातली बरीच पुस्तकं मोठ्यांसाठीची आहेत. देणगीचं विचारतेच आहे. पण कादंबरी हातात दिली आणि पहिल्याच पानावर अकरा जोडाक्षरं आली तर मूल ती मिटून ठेवतं आणि पुन्हा उघडत नाही. कागद हा तिथवर पोचवण्यासाठी. पुस्तकांऐवजी कागद असं मी म्हणत नाहीये.

@तिसरी_घंटा, न लिहिलेली वाक्यं लिहायची ही युक्ती मी घेणार. वर्गातली सगळ्यात गप्प मुलं घरी नकला उत्तम करतात, हे त्यांच्या आयांकडून ऐकलंय.

@कलम_बावन्न, इतकं सुटसुटीत कुणी सांगितलं नव्हतं. स्टाफरूममध्ये लावते.

शब्दखूण

ऐकण्यासाठी 'पारी' (ग्रामीण भारताविषयीचं संकेतस्थळ) वरच्या जात्यावरच्या ओव्या. हेमा राईरकर आणि गी पॉइट्वाँ यांनी सहकाऱ्यांसह महाराष्ट्रातल्या गावोगावच्या बायकांकडून एक लाखावर ओव्या गोळा केल्या, आणि २०१७ पासून 'पारी' त्या ध्वनिमुद्रणांसकट प्रसिद्ध करत आहे. मजकूर आणि आवाज दोन्ही मिळतात. ओवी दोन ओळींची असल्यामुळे तुमच्या मुलांना झेपेल. पहिल्यांदा कागद न देता ऐकवा, दुसऱ्यांदा शब्द गाळलेला कागद द्या. पंढरपूर, विठ्ठल, भाऊ, माहेर हे सगळं सोलापूरच्या मुलांना सांगावं लागणार नाही. आणि घरी तेलुगूत आजी काय म्हणायची, ते विचारून या म्हणा.

शब्दार्थासाठी बृहद्कोश. अनेक मराठी शब्दकोश एकाच ठिकाणी शोधता येतात. मुलांना थेट देऊ नका, जुन्या कोशांतल्या नोंदी त्यांना जड जातील, तुमच्या तयारीसाठी मात्र सोनं आहे. छापताना 'मुक्ता' किंवा 'बालू' हे फॉन्ट वापरा, दोन्ही फुकट आहेत, जोडाक्षरं स्वच्छ दिसतात. अक्षर सोळाच्या खाली नको, ओळींत अंतर भरपूर.

निवृत्त_गुरुजी

बाई, सगळ्यांनी छान सांगितलं आहे. माझी एक भर.

माझ्याही वर्गात घरी मराठी नसलेली मुलं असायची. सर्वांत उपयोगी पडलेलं साहित्य वर्गातच तयार झालं. एका मुलाला उभं करून घरातलं एखादं काम सांगायला लावायचं, तो बोलेल ते फळ्यावर उतरवायचं, आणि मग सगळ्यांनी मिळून ते नीट करायचं. तुमच्याकडे विड्या वळणाऱ्या आया असतील. पान भिजवायचं, फर्म्यावर कातरायचं, तंबाखू भरून वळायचं, तोंड मुडपायचं, दोरा बांधायचा. 'आधी, मग, तोवर, शेवटी' हे सगळे शब्द त्यात आपोआप येतात. 'ते पान' आणि 'ती विडी' हेही तिथल्या तिथे सुधारतं. स्वच्छ टाइप करून दुसऱ्या दिवशी तोच कागद वाचायला द्या, खाली सांगणाऱ्याचं नाव घाला. आपलं नाव छापलेला कागद मूल घरी किती वेळा वाचून दाखवतं, ते आयांना विचारा. वर्षअखेरीस त्याचं पुस्तक बांधून कपाटात ठेवा, पुढच्या वर्गाला तेच वाचनसाहित्य.

पूर्वभाग (धागाकर्ती)

गुरुजी, नमस्कार. हे पहिल्यांदा करते. माझ्या वर्गात विडीकामाबद्दल मुलं बोलायला थोडी लाजतात, म्हणून सुरुवात टॉवेलच्या कारखान्यापासून करावी असं वाटतंय. एकाने मोकळेपणाने सांगितलं की बाकीची येतील.

सगळ्यांचे मनापासून आभार. आता क्रम असा ठरवलाय : या आठवड्यात वाचनचाचणी, पुढच्यात मुलांचे स्वतःचे कागद आणि शनिवारी ओव्या, नाट्यछटा मात्र शाळेच्या चाचणी परीक्षेनंतर. 'किशोर'चे अंक मी घरी उतरवून पेनड्राइव्हवर नेईन. त्यातले आठवीला चालतील असे पाच-सहा छोटे लेख कुणाला आठवत असतील तर अंकाचा महिना आणि साल कळवा, शोधायचा वेळ वाचेल. आणि तेलुगू वाचता येणारं कुणी इथे असेल तर स्टोरीवीव्हरवरच्या जोडगोष्टींपैकी कुठल्या गोष्टीचं तेलुगू चांगलं आहे ते सांगा, मला स्वतःला ते कळत नाही.