कच्च्या मांसाला सुटलेले पाणी मांजराला द्यावे की ओतून टाकावे?

मनीमावशी
आमच्या ४ वर्षांच्या बोक्याला मी ३ महिन्यांपासून कच्चे चिकन देत आहे. आठवड्याचे चिकन फ्रीझरमध्ये ठेवते आणि रोजचा वाटा आदल्या रात्री खाली फ्रिजमध्ये काढते. सकाळी डब्याच्या तळाशी साचलेले गुलाबी पाणी मी आजवर ओतून देत असे. परंतु ते रक्त असून खरे सत्त्व त्यातच असते, असे एका परिचितांनी सांगितल्यामुळे मनात शंका आली आहे.

फिका_रस्सा
ते रक्त नव्हे. मटण शिजवताना सुटते तेच हे अंगचे पाणी, फक्त न शिजवता सुटलेले. गोठताना बर्फाच्या स्फटिकांनी स्नायूंच्या पेशी फाटतात आणि मांस वितळले की त्यांतील पाणी बाहेर पडते. त्यात थोडी प्रथिने, पोटॅशियम, पाण्यात विरघळणारी ब गटातील जीवनसत्त्वे आणि रंग देणारे मायोग्लोबिन असते. चिकनमध्ये मायोग्लोबिन कमी, म्हणून रंग गुलाबी. सत्त्व आहे, पण ‘त्यातच’ नाही. बहुतांश मांसातच राहते.

ओसरीवरची
मांजराच्या बाबतीत एक गोष्ट जोडावीशी वाटते. टॉरिन हे द्रव्यही पाण्यात विरघळते, आणि कुत्र्याला ते शरीरात पुरेसे तयार करता येते, तसे मांजराला येत नाही. त्याच्या अभावाने मांजराचे हृदय फुगून दुबळे होते, हे १९८७ साली कॅलिफोर्नियातील संशोधकांनी दाखवून दिले. दृष्टिपटलही खराब होतो. त्यामुळे मी ते पाणी टाकत नाही. आपण चिकनचा कोणता भाग देता?

मनीमावशी
केवळ बोनलेस छाती. त्याला तेवढेच आवडते.

ओसरीवरची
मग पाण्याचा प्रश्न दुय्यम आहे. छातीपेक्षा मांडीच्या गडद मांसात टॉरिन अधिक असते आणि हृदयात तर भरपूर. शिवाय हाडाविना मांसात कॅल्शियमच्या १५ ते २० पट फॉस्फरस असतो, जो असमतोल वाटीभर गुलाबी पाण्याने भरून निघणार नाही. पशुवैद्यांकडून संपूर्ण आहार आखून घ्यावा, अंदाजाने चूर्णे घालू नयेत.

फिका_रस्सा
आणि स्वच्छतेचे काय? साल्मोनेला हा जंतू गोठवल्याने मरत नाही. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने २०१० ते २०१२ या काळात तपासलेल्या कच्च्या पाळीव-खाद्याच्या १९६ नमुन्यांपैकी १५ मध्ये साल्मोनेला आणि ३२ मध्ये लिस्टेरिया आढळला होता. हे पाणी ओट्यावर सांडले की जंतू थेट आपल्या कोशिंबिरीपर्यंत पोहोचतात, आणि बोका ठणठणीत दिसत असूनही विष्ठेतून जंतू बाहेर टाकू शकतो. माझ्या मते मांस झाकण ठेवून थोड्याच पाण्यात पूर्ण शिजवावे आणि तेच पाणी, कांदा, लसूण व मीठ न घालता, कोमट करून मांसासह वाढावे.

मनीमावशी
घरात सासूबाई आजारी असतात, त्यामुळे उद्यापासून शिजवूनच देते. मांडीचे तुकडे तो हुंगून सोडून देतो. छातीत थोडे थोडे मिसळून पाहीन. पशुवैद्यांची वेळ शनिवारची घेतली आहे.