मदत हवी आहे : ‘देवाचा पुत्र’ ही पदवी की स्वरूप?

बायबलच्या नव्या करारातील येशूच्या पुत्रत्वाचा अर्थ कसा लावावा, याबाबत जाणकारांचे मार्गदर्शन हवे आहे. जुन्या करारात, म्हणजे बायबलच्या येशूपूर्व भागात, पुत्र हे संबोधन एकट्यासाठी राखीव नाही. निर्गम ४:२२ (निर्गम हे पुस्तक, अध्याय ४, वचन २२) मध्ये संपूर्ण इस्राएल राष्ट्र हा देवाचा ज्येष्ठ पुत्र ठरतो, तर २ शमुवेल ७:१४ मध्ये इस्राएलचा राजा दाविद याच्या वंशातील राजाला देव पुत्र मानतो. तेथे निवड, जवळीक आणि जबाबदारी हाच आशय दिसतो.

माझी खरी अडचण स्तोत्र २:७ पाशी आहे. ‘आज’ मी तुला जन्म दिला, असे तेथे राजाला उद्देशून म्हटले आहे. प्रेषितांची कृत्ये १३:३३ मध्ये हेच वचन येशूच्या पुनरुत्थानाच्या (मृत्यूनंतर पुन्हा जिवंत होण्याच्या) संदर्भात येते, आणि रोमकरांस पत्र १:४ ची मांडणीही त्याच दिशेने जाते. मार्कच्या शुभवर्तमानात (येशूच्या जीवनाच्या वृत्तांतात) मात्र बाप्तिस्म्याच्या वेळीच आकाशवाणी त्याला पुत्र म्हणते, लूक १:३५ हे नाते गर्भधारणेशी जोडते, आणि योहानाचे शुभवर्तमान तर थेट सृष्टीच्या आरंभापूर्वी जातो. मग हा ‘आज’ नेमका कोणता?

इ.स. ३२५ च्या निकिया येथील ख्रिस्ती धर्मगुरूंच्या परिषदेने पुत्र पित्याशी एकतत्त्व असल्याचे ठरवले, हे ठाऊक आहे. परंतु नंतरचा निर्णय आधीच्या लेखकांच्या तोंडी घालणे मला घाईचे वाटते. पुनरुत्थानाने पुत्रत्व प्राप्त झाले की केवळ प्रकट झाले, याविषयी मूळ वचनांच्या आधारे कोणी विवेचन करू शकेल का? श्रद्धेचा वाद येथे अपेक्षित नाही.