दिवाळीनंतर कामगार परत येत नाहीत: पगाराशिवाय दुसरा उपाय आहे का?

प्रश्न (लघुउद्योजक, भोसरी):
नमस्कार. भोसरी एमआयडीसीत आमचे छोटे प्रेस शॉप (यंत्राने पत्रा दाबून भाग बनवण्याचा कारखाना) आहे. कायम आणि कंत्राटी मिळून ३४ माणसे आहेत. दिवाळीचा बोनस हातात पडला की गावी गेलेल्यांपैकी सहा-सात जण परतच येत नाहीत, आणि फोन केल्यावर कळते की चाकणला पाचशे-हजार रुपये जास्त मिळाले म्हणून ते तिकडे लागले. नवा हेल्पर प्रेसवर बसवायचा तर दोन महिने त्याच्या हाताकडे कोणीतरी लक्ष ठेवावे लागते. तोवर रिजेक्शन वाढते आणि बोटांची काळजी वेगळीच. ग्राहक कंपनी भाव वाढवून देत नाही, त्यामुळे सरसकट पगारवाढ परवडणारी नाही. निम्मा बोनस दिवाळीला आणि निम्मा परत आल्यावर द्यावा, असा विचार आहे. जाणकारांनी मत द्यावे.

उत्तर १ (कार्मिक विभागात बावीस वर्षे):
बोनसचे तुकडे करू नका. आर्थिक वर्ष संपल्यापासून आठ महिन्यांत बोनस द्यावाच लागतो, म्हणजे मार्चअखेर हिशेब करणाऱ्यांना ३० नोव्हेंबरपर्यंतच मुदत असते. तेवढ्या दिवसांसाठी निम्मी रक्कम अडकवून ठेवाल, तर जो परत येणार होता त्याच्याही मनात किंतु येईल.

गेलेल्यांचे सोडण्याआधीच्या तीन महिन्यांचे हजेरीपट काढून पाहा. मी हे दोन कारखान्यांत केले आहे. ज्याचे मन उडालेले असते, तो आधी ओटीला (ओव्हरटाइमला) थांबणे बंद करतो, मग गुरुवारच्या सुट्टीला जोडून शुक्रवारचा खाडा करू लागतो, आणि दिवाळी हे केवळ निघून जाण्याचे सोयीचे निमित्त ठरते. ही माणसे एकेकटी नसतात, हेही लक्षात घ्यावे. एका रूमवर एकाच तालुक्यातले आठ-दहा जण राहतात, तिथे संध्याकाळी कोणत्या कंपनीने कोणाचा हिशेब किती महिने लटकवला याचीच चर्चा चालते, आणि ती ऐकूनच गावाकडचा पुढचा मुलगा कोणत्या गेटवर उभा राहायचे ते ठरवतो.

उत्तर २ (कामगार कायदे सल्लागार):
वरील मताशी सहमत आहे. त्यात आकड्यांची बाजू जोडतो. हेल्परला तुम्ही तोंडी ‘पंधरा हजार’ सांगता असे समजा. सगळी रक्कम वेतन धरल्यास १२ टक्क्यांप्रमाणे १,८०० रुपये भविष्यनिर्वाह निधी, ०.७५ टक्क्याप्रमाणे ११३ रुपये ईएसआय (कर्मचारी राज्य विमा) आणि २०० रुपये व्यवसाय कर वजा होऊन त्याच्या हातात १२,८८७ रुपये पडतात. हे त्याला पहिल्या पगाराच्या दिवशी कळले, तर आपल्याला फसवले असेच तो समजणार. चाकणचे ‘हजार रुपये जास्त’ हे पुष्कळदा कपात न करता रोख दिलेले पैसे असतात, पण ते समजावून सांगायला पगारपत्रक मराठीत किंवा हिंदीत त्याच्या हातात असावे लागते. ईएसआयमुळे आजारपणात, ठरावीक दिवसांचे अंशदान भरलेले असल्यास, वर्षातून ९१ दिवसांपर्यंत वेतनाच्या ७० टक्के रक्कम मिळते, हे सांगणारा सुपरवायझर मला क्वचितच भेटला आहे.

दुसरे, कंत्राटदाराने वेतन थकवले तर ते देण्याची जबाबदारी अखेर मूळ मालकावर, म्हणजे ज्याच्या कारखान्यात काम चालते त्याच्यावर, येते. आणि नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या वेतन संहितेप्रमाणे राजीनामा दिलेल्या कामगाराचे वेतन दोन कामकाजी दिवसांत चुकते करायचे आहे. ‘पुढच्या महिन्याच्या दहा तारखेला ये’ हे उत्तर आता चालणार नाही.

उत्तर ३ (शिफ्ट सुपरवायझर, पूर्वी हेल्पर):
मी स्वतः दोन कंपन्या सोडल्या आहेत, म्हणून लिहितो. पाचशे रुपये हे कारण सांगायला सोपे असते. फोनवर जुन्या साहेबांना दुसरे काय सांगणार? पहिली कंपनी मी सोडली ती ओटीमुळे. कायद्याने ओटी दुप्पट दराने मिळते हे आम्हाला ठाऊक होते, तरी आमचे तास सिंगल दराने व्हाउचरवर, म्हणजे पगारपत्रकाबाहेर, लिहिले जात, आणि महिनाअखेर माझ्या डायरीतले ४१ तास त्यांच्या वहीत ३४ होत. सात तासांसाठी कोणी भांडत नाही. माणूस गप्प बसतो आणि दुसरीकडे शब्द टाकून ठेवतो.

दुसरी गोष्ट उचलीची. घरी कोणी आजारी पडले की तीन-चार हजारांची गरज त्याच दिवशी असते. ती अडचण जिथे भागते, तिथून माणूस सहजासहजी हलत नाही.

प्रश्नकर्ता:
सर्वांचे आभार. बोनसचा विचार सोडून दिला आहे. काल अकाउंटंटबरोबर बसून मागच्या दिवाळीनंतर गेलेल्या सात जणांचे कागद काढले. त्यांपैकी तिघांचे शेवटच्या अठरा-वीस दिवसांचे वेतन अजून आमच्याकडेच पडून आहे. ते मुद्दाम कोणी अडवले नव्हते. ‘माणूस आला की देऊ’ असे म्हणून राहून गेले. ओटीही आमच्याकडे व्हाउचरवरच आहे, हे इथे मान्य करतो. दुप्पट दराचा हिशेब मांडला तेव्हा रक्कम जड वाटली, परंतु दरवर्षी सात नवे हात शिकवण्याचा खर्च आम्ही आजवर कधी मांडलाच नव्हता.

आता अडचण अशी की, तिघांपैकी दोघे कंत्राटदाराकडचे असल्याने त्यांचे खाते क्रमांक आमच्या दप्तरी नाहीत आणि कंत्राटदारही बदलला आहे. तिसऱ्याला आज फोन केला. पैसे घेऊन जा म्हटल्यावर तो आधी काही क्षण बोललाच नाही, मग ‘कशाचे पैसे?’ असे त्याने दोनदा विचारले.