प्रति: नामस्मरण आणि उतारवयातला एचआयव्ही

नामस्मरणाला लागलं की लोकांच्या बोलण्याचं काही वाटत नाही, असं वरच्या पोस्टमध्ये लिहिलंय. अर्धं पटलं. माझे मामा कळव्याचे, आता ६८चे. त्यांना खरा आधार होता तो रात्रीच्या हरिपाठाचा, टाळ घेऊन चारचौघांत उभं राहण्याचा. भजनी मंडळात कुणाला तरी त्यांची एचआयव्हीच्या उपचारांची फाइल दिसली. कोणी एक शब्द बोललं नाही, फक्त चहाला सगळ्यांना स्टीलचे पेले आणि मामांना कागदी कप. तिसऱ्या दिवशी ते गेलेच नाहीत. उष्ट्या कपाने एचआयव्ही होत नाही हे शाळेतली पोरंही सांगतील, पण तिथे सांगणार कोण? आता घणसोलीच्या मंडळात जातात. पिशवीत गोळ्यांची बाटली असते, वाजू नये म्हणून आत कापूस कोंबलेला.

एक गोष्ट इथे कुणीच लिहिली नाही, ती म्हणजे उपास. मामा कित्येक वर्षं दर एकादशीला गोळी चुकवत होते, म्हणजे महिन्यातून दोनदा. एआरटी केंद्रातल्या (जिथे एचआयव्हीची औषधं मिळतात) समुपदेशक ताईंनी सहज विचारलं तेव्हा कळलं. मामांची ती डोल्युटेग्राव्हीर नावाच्या एचआयव्हीच्या औषधाची गोळी उपाशीपोटीही चालते. मात्र कॅल्शियम, लोह किंवा मॅग्नेशियम-अ‍ॅल्युमिनियम असलेलं अ‍ॅसिडिटीचं औषध चालू असेल तर ते तिच्या निदान दोन तास नंतर किंवा सहा तास आधी घ्यायचं. या वयात कॅल्शियमच्या गोळ्या अनेकांना चालू असतात, तेव्हा केंद्रात आवर्जून सांगा. मामा आता एकादशीला गोळी घेतात, आधी तुळशीचं पान तोंडात टाकून.