'भीमायन'नंतर काय वाचू?

मंडळी, आमच्या भाचीकडून 'भीमायन' आणलं, डॉ. आंबेडकरांच्या आयुष्यावरचं कॉमिक. दुर्गाबाई आणि सुभाष व्याम यांची गोंड शैलीतली चित्रं, २०११चं पुस्तक. कॉमिक म्हटलं की मी आधी चौकटी शोधतो. इथे चौकटीच नाहीत, चित्र पानभर वळणं घेत जातं. पण खरा अडकलो तो बोलण्याच्या फुग्यांवर. मायेचं बोलणं पक्ष्याच्या आकारात आणि विखारी बोलण्याला विंचवाची नांगी! अस्पृश्य म्हणून गाडी मिळेना, त्यामुळे मसूर स्टेशनावर ताटकळलेला छोटा भीम आणि त्याच्याबरोबरची पोरं पाहिल्यावर झोप गेली. साडेअकराला चहा टाकला. आता पुढे काय?

प्रतिसाद १: दादा, 'माउस' घ्या, हेही कॉमिकच, नाझींनी केलेल्या ज्यूंच्या छळावरचं. ज्यू उंदीर, नाझी मांजरं. १९९२ साली पुलित्झरचा खास पुरस्कार मिळाला होता. अक्षर बारीक आहे, चष्मा जवळ ठेवा.

प्रतिसाद २: मी बुवा अर्नाळकरांच्या झुंजारवर खूश. लायब्ररीतल्या प्रतीची शेवटची चार पानंच गायब! खुनी कोण, ते देवालाच ठाऊक.

मूळ लेखक: 'माउस' सांगून ठेवतो. झुंजार शाळेत दप्तराखाली लपवून वाचलाय, पण हल्ली रहस्यकथा एका बैठकीत संपली की नुसतं रिकामं वाटतं. उलट कोलटकरांची 'भिजकी वही' दीड महिना उशाशी आहे. दिवसाला एकच कविता. हायपेशियावरची, म्हणजे जमावाने मारलेल्या त्या प्राचीन गणितज्ञ बाईवरची, वाचली त्या दिवशी पेपरसुद्धा उघडला नाही.

प्रतिसाद २: दिवसाला एक? मग परत कधी करणार, लायब्ररीवाले विचारतायत!

मूळ लेखक: विकतची आहे हो.