क्लच प्लेट बदलण्याआधी खडूची एक रेघ मारून बघा

रोटाव्हेटर (ट्रॅक्टरमागे जोडायचं, फिरत्या पात्यांनी माती भुसभुशीत करणारं यंत्र) लोडवर, म्हणजे मातीत लागल्यावर, थांबतो म्हणजे ट्रॅक्टरची क्लच प्लेटच गेली, असं बरेच जण सांगतात. असेलही, पण तेवढ्यावरून ट्रॅक्टर मधून खोलायला देऊ नका. माझ्या २४ एचपीच्या मिनी ट्रॅक्टरला द्राक्षबागेत हाच त्रास होता. हवेत उचलला की मस्त फिरायचा, मातीला लागला की इंजिन चालू, पाती गप्प. मेकॅनिकने बघताक्षणीच 'प्लेट संपली' सांगितलं. (न खोलता कसं कळतं देव जाणे.)

ट्रॅक्टरपासून रोटाव्हेटरला फिरवणाऱ्या शाफ्टला स्लिप क्लच (जास्त जोर आला की घसरून गिअरबॉक्स वाचवणारा क्लच) असेल तर इंजिन बंद करून, चावी काढून, त्याच्या बाहेरच्या तबकडीपासून आतल्या प्लेटपर्यंत खडूची सरळ रेघ मारा. मातीत दहा फूट चालवून परत बंद करा आणि रेघ बघा. ती तुटलेली, पुढे-मागे सरकलेली दिसली तर घसरतोय तो शाफ्टवरचा क्लच, ट्रॅक्टरचा नाही. माझी चांगली चार बोटं सरकली होती. शाफ्टच्या सांध्यातल्या क्रॉसला ग्रीस जास्त मारलं, ते उडून प्लेटांवर बसलेलं! प्लेटा पुसून, पॉलिश पेपर मारून बसवल्या, काम झालं. स्प्रिंगचे नट मात्र होते तेवढेच आवळले. गच्च आवळले तर दगड लागल्यावर झटका सरळ गिअरबॉक्सला जातो. शिअर बोल्टवाला (जास्त जोर आला की मुद्दाम तुटणारा बोल्ट असलेला) शाफ्ट असेल तर आधी बोल्ट बघा, आणि तुटला म्हणून हाय-टेन्साइल, म्हणजे सहज न तुटणारा मजबूत बोल्ट, टाकू नका.